पुरलेली नाळ, जगवलेली पेशी

दापोली तालुक्यात भारजा नदी समुद्राला मिळते, तिथे केळशी वसली आहे. महालक्ष्मीचं घुमटाचं देऊळ, याकूबबाबांचा दर्गा, माडा-पोफळींच्या वाड्या आणि खाडीच्या तोंडाशी वाळूची टेकडी, एवढ्या खुणांवर परक्या माणसालाही गाव सापडतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या पुरातत्त्वज्ञांनी ही टेकडी थराथराने अभ्यासली. माणसांनी मागे टाकलेली खापरं आणि कोळसा वाळूने शतकानुशतकं सांभाळून ठेवला होता.

कोकणच्या जमिनीने आणखी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या पोटात घेतली, पण तिची ना खापरं होतात, ना नाणी. ती गोष्ट म्हणजे नाळ. घरात मूल जन्मलं की सुईण नाळ कापायची आणि वारेसकट ती मागीलदारी पुरली जायची. कुत्र्याने उकरू नये इतकी खोल. ही चाल काही केळशीची एकटीची नव्हे, सगळ्या महाराष्ट्राची. म्हणूनच मराठी माणूस जन्मगाव सांगताना ‘माझी नाळ तिथे पुरलीय’ असं म्हणतो आणि गाव सुटलं की ‘नाळ तुटली’ म्हणून हळहळतो. पुरण्यामागे मायाही होती आणि निकालही. बाळाला नऊ महिने पोसून झाल्यावर नाळेला आणखी काही काम उरलंय, असं कोणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं.

ते काम विसाव्या शतकाच्या अखेरीस सापडलं. नाळेतलं रक्त आणि नाळेतला बुळबुळीत गर हे दोन्ही मूळपेशींचं भांडार निघालं. मूळपेशी म्हणजे जिचं अजून काय व्हायचं ते पुरतं ठरलेलं नाही, जी स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करते आणि वेळ आली की रक्ताची, हाडाची, स्नायूची पेशी होऊन कामाला लागते, ती. आज अशा पेशी पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळ स्थानकात वाढवल्या जातात. मागीलदारापासून तिथवरच्या या वाटेवर परळ आणि पुणे असे दोन मोठे मुक्काम लागतात. तिथे ज्यांनी आयुष्यं घालवली, त्यांचा धंदा एकच होता: शरीराबाहेर पेशी जगवणं.

सुईणीच्या हातात कौशल्य होतं, पण हत्यार घरातलंच असे. विळा, कोयती, जे सापडेल ते. त्याच्या पात्यावरून धनुर्वाताचे जंतू कापलेल्या नाळेत शिरत आणि चांगलं दूध पिणारं मूल आठवड्याभरात आखडून जाई. गरोदर बाईला लस, सुईणींना प्रशिक्षण, निर्जंतुक पातं आणि दवाखान्यातलं बाळंतपण, या चार गोष्टींनी हा आजार हटला; तरी नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन भारतात झालं, असं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर करायला २०१५ साल उजाडलं. नाळ कापणारं पातं उकळून घ्या, हा धडा आणि पेशी वाढवायचं भांडं निर्जंतुक ठेवा, हा धडा मुळात एकच आहे.

हर्णै बंदरातून आगबोटीने मुंबईला गेलेला कोकणातला चाकरमानी बहुधा परळ-लालबागच्या गिरणगावात उतरायचा. त्याच परळमध्ये १९२६ साली के.ई.एम. रुग्णालय आणि नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभं राहिलं. गिरणी कामगाराचं बिऱ्हाड मुंबईत थाटलं गेलं, की बाळंतपणही इथेच होऊ लागलं आणि नाळेचा मागीलदाराशी संबंध संपला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी याच परिसरात टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळेची सूत्रं विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती.

खानोलकरांच्या हाताखाली पुण्याची एक तरुणी आली. कमल समर्थ हे तिचं माहेरचं नाव, जन्म ८ नोव्हेंबर १९१७चा. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं, निदान डॉक्टरशी लग्न तरी करावं, असं त्यांच्या मनात होतं. मुलीने दोन्ही केलं नाही. हुजूरपागा शाळेतून फर्ग्युसनमध्ये जाऊन ती वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकली, गणितज्ञ जयसिंग रणदिव्यांशी तिचं लग्न झालं आणि १९४३ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून तिने एम.एस्सी. केली. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची पेशी-अनुवंशिकी. सीताफळाच्या पेशींपासून निघालेल्या कमल रणदिवे कर्करोगाच्या पेशींपर्यंत आल्या त्या मुंबईत. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाल्यावर खानोलकरांनी त्यांना अमेरिकेला जायचा आग्रह केला.

त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. माणसाच्या पेशी काचेच्या नळीत कायम जिवंत राहाव्यात, म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं झटत होता. बहुतेक पेशी काही दिवसांत मरत. १९५१च्या आरंभी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतला तुकडा त्यांच्या प्रयोगशाळेत आला आणि त्यातल्या पेशी मरेचनात. साधारण दिवसाकाठी त्या दुप्पट होत. बाईंच्या नावातली आद्याक्षरं घेऊन त्यांना ‘हेला’ म्हणू लागले. हेन्रिएटा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारली. तिच्या पेशी मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत पोचल्या, आणि त्या घेताना तिला कोणी विचारलेलं नव्हतं. या प्रश्नाची आठवण पुढे ठेवावी लागेल.

रणदिवे मुंबईला परतल्या त्या हे तंत्र घेऊन. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली; देशात ऊतिसंवर्धनाची अशी प्रयोगशाळा प्रथमच होत होती. ‘टिश्यू कल्चर’ म्हटलं की आज शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे केळीची रोपं येतात. इथे कल्चर होतं ते प्राण्यांच्या पेशींचं.

हे काम बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल. पेशींना ३७ अंशांची ऊब लागते, ठरावीक प्रमाणात कार्बन डायऑक्साइड लागतो. क्षार, साखर, अमिनो आम्लं घातलेलं मीडियम लागतं आणि त्यात सीरम. त्या बशीच्या तळाला चिकटून वाढतात. तळ भरला की ट्रिप्सिन नावाच्या विकराने त्यांना सोडवायचं आणि थोड्या-थोड्या नव्या बशीत घालायच्या. घरात कालच्या दह्यातलं चमचाभर विरजण राखून उद्याचं दही लावतात, तोच हिशेब. फरक इतका, की विरजणात एखादा परका जंतू शिरला तर दही आंबट लागेल. इथे एक बुरशीचा कण शिरला, की सहा महिन्यांचं काम बेसिनमध्ये ओतावं लागतं. विरजण मोडलं तर शेजारून आणता येतं. पेशींच्या बाबतीत तेव्हा शेजारच नव्हता.

रणदिव्यांच्या गटाने या तंत्राच्या आणि प्रयोगप्राण्यांच्या आधारे स्तनांचा कर्करोग, रक्ताचा कर्करोग, अन्ननलिकेचा कर्करोग यांचा माग काढला. कर्करोगाची शक्यता, संप्रेरकं आणि विषाणू यांचं नातं तपासलं. कुष्ठरोग्याच्या शरीरातून मिळालेल्या आणि संस्थेच्या आद्याक्षरांवरून आयसीआरसी म्हणून ओळखल्या गेलेल्या जंतूंना प्रयोगशाळेत वाढवण्यातही त्यांचा हात होता. पुढे कुष्ठरोगावरच्या लशीसाठी ते जंतू वापरले गेले. १९६६ ते १९७० त्यांनी संस्थेच्या संचालकपदाची धुरा वाहिली, १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली, १९८२ साली पद्मभूषण स्वीकारलं आणि निवृत्तीनंतर अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला. ११ एप्रिल २००१ रोजी त्या गेल्या.

परळच्या ज्या आवारात रणदिव्यांचं काम चाललं होतं, तिथेच २० मार्च १९८३ रोजी डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली. भारतातलं हे पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण. वर्तमानपत्रांनी मज्जा म्हटलं, पण मुलीला वाचवलं ते मज्जेतल्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींनी. मूळपेशींचा उपचार म्हणून जे जगात निर्विवाद सिद्ध झालं आहे, त्यात हा उपचार सर्वांत जुना.

पेशींना शेजार मिळाला तो पुण्यात. १९८६ साली डॉ. उल्हास वाघ यांच्या पुढाकाराने प्राणिऊती आणि पेशीसंवर्धनाची राष्ट्रीय सुविधा सुरू झाली. आधी कोथरूडला, मग विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या आवारात, आणि नाव झालं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र. पुणेकर संशोधक या संस्थेला ‘एनसीसीएस’ म्हणतात. पेशींची बँक चालवायची आणि देशातल्या प्रयोगशाळांना हव्या त्या पेशी पुरवायच्या, हे तिचं मूळ काम. दुष्काळात बियाणं राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्यासारखं द्रव नायट्रोजनच्या टाकीत, उणे १९६ अंशांत, पेशींचं बियाणं राखून ठेवलं जातं.

याच सुमारास नाळेचं नशीब पालटलं. १९८८ साली पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी फँकोनी अ‍ॅनिमिया या जन्मजात आजाराच्या एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त चढवलं. ते रक्त अमेरिकेत गोठवून पॅरिसला नेलेलं होतं. मुलगा बरा झाला. पुरायची नाहीतर फेकायची वस्तू अचानक औषध ठरली.

पुण्यात या वस्तूकडे दोन वेगळ्या बाजूंनी पाहिलं गेलं. डॉ. ललिता लिमये आणि डॉ. वैजयंती काळे यांनी प्रश्न घेतला गोठवण्याचा. पाणी गोठलं की बर्फाचे सुईसारखे स्फटिक होतात आणि पेशीचं आवरण फाडतात. म्हणून डीएमएसओ नावाचं रसायन घालायची पद्धत आहे. तरीही वितळवल्यावर बऱ्याच पेशी दगावतात. या दोघींनी त्या मिश्रणात ट्रेहॅलोज ही साखर आणि कॅटलेज हे विकर घालून पाहिलं. साखर आवरणाला आधार देते आणि विकर पेशीत साचणारं विषारी ऑक्सिजनजन्य द्रव्य निवळतं. रक्ताच्या मूळपेशी जास्त संख्येने आणि जास्त कामाच्या स्थितीत जाग्या झाल्या. पाकातला मुरंबा वर्षभर टिकतो हे ठाऊक असलेल्या घरांना यातली कल्पना अगदी परकी वाटू नये.

डॉ. रमेश भोंडे यांनी प्रश्न घेतला सीरमचा. पेशींना वाढायला लागणारं सीरम जगभर गाईच्या गर्भातल्या वासराच्या रक्तातून काढतात. ते महाग असतं, बाहेरून आणावं लागतं आणि माणसावरच्या उपचारासाठी वाढवलेल्या पेशींना गाईच्या प्रथिनांचा विटाळ लागतो तो वेगळाच. भोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं, की बाळंतपणानंतर उरलेल्या मानवी नाळेतल्या रक्ताच्या सीरमवर माणसाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी चांगल्या वाढतात आणि पुढे वेगवेगळी रूपंही घेतात. नाळ बाळाला पोसून मोकळी झाली होती; आता तिच्याकडून दुसऱ्या पेशी पोसून घेतल्या जात होत्या. भोंड्यांच्या हाताखालून गेलेले आनंदवर्धन हर्डीकर पुढे अमेरिकेत आणि मग ऑस्ट्रेलियात स्वादुपिंडाच्या पेशींवर काम करू लागले. २०१५ साली त्यांच्या गटाने पुण्यात पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला: पोटभर अन्न दिल्यावरही दोन पिढ्यांत त्यांची मधुमेहाकडची ओढ गेली नव्हती.

असं काम कूर्मगतीने चालतं. बाजार थांबत नाही. ऑगस्ट २००१मध्ये अमेरिकेने सरकारी पैशाला पात्र अशा भ्रूणमूळपेशींच्या ६४ वाणांची यादी काढली, त्यात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे सात आणि बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे तीन होते. देशात मोठा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात संशोधकांना वापरता आले ते जेमतेम वीस-एकवीस वाण. मग नाळरक्ताच्या खासगी बँका आल्या. बाळंतिणीच्या खोलीपर्यंत त्यांची पत्रकं पोचली: हजारो रुपये भरा, नाळ गोठवा, मुलाचा आयुष्यभराचा विमा समजा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनी याला शास्त्रीय आधार नाही, असं बजावलं. मुलाला पुढे रक्ताचा जन्मजात आजार निघालाच, तर दोष त्याच्या स्वतःच्या नाळेतही असणार. पाठीचा कणा, स्वमग्नता, गुडघे अशा सगळ्यांवर मूळपेशींची सुई टोचणाऱ्या दवाखान्यांनाही त्याच तत्त्वांनी चाप लावला: रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे जे काही आहे ते संशोधन आहे, त्याचे रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

पेशींची वाट अंतराळाकडे वळते ती इथून, आणि ती वाटते तितकी नवी नाही. बाल्टिमोरच्या त्या हेला पेशी १९६० सालीच सोव्हिएत उपग्रहातून कक्षेत गेल्या, गागारिनच्या आधी. पुण्याच्या पेशीकेंद्राचाही आकाशाशी संबंध आधीच आला होता. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांना पडलेला प्रश्न होता, वातावरणाच्या वरच्या थरात जीव आहेत का? एप्रिल २००५मध्ये हैदराबादहून सोडलेल्या बलूनने ४५९ किलोंची उपकरणं वर नेली. त्यात पोलादाच्या १६ निर्जंतुक, निर्वात नळ्या होत्या आणि २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा त्यांत भरून घेतली गेली. पुण्यात डॉ. योगेश शौचे यांच्या आणि हैदराबादेत सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवविज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत ती हवा तपासली गेली. बारा जिवाणू आणि सहा बुरशी निघाल्या. जिवाणूंतले तीन विज्ञानाला नवे होते. त्यांतल्या एकाला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं नाव मिळालं, दुसऱ्याला इस्रोचं, तिसऱ्याला आर्यभटाचं. पुण्याच्या याच संस्थेत तयार झालेले पराग वैशंपायन पुढे नासात गेले. यान बांधतात त्या अतिस्वच्छ दालनांतही टिकून राहणाऱ्या टर्सिकॉकस फिनिसिस या नव्या जिवाणूची नोंद त्यांच्या गटाने २०१३ साली केली. परळच्या बशीत बुरशीचा कण नको आणि मंगळावर जाणाऱ्या यानावर जंतू नको, पहारा तोच.

पण पेशी मुद्दाम वर का न्यायच्या? जमिनीवर पेशी भांड्याच्या तळाशी बसतात आणि पसरट वाढतात. शरीरात त्या तशा कधीच नसतात. वजनरहित अवस्थेत गाळ खाली बसत नाही, मीडियम तापून वर-खाली फिरत नाही. पेशी एकमेकींना धरून गोळ्यांच्या आकारात, खऱ्या ऊतीसारख्या वाढतात. नासाने त्यासाठी आधी जमिनीवरच फिरतं भांडं तयार केलं. ते सावकाश गरगरत राहतं आणि त्यातल्या पेशी जणू सतत पडत राहतात, पण तळाला लागत नाहीत. आता अंतराळ स्थानकातच छपाई होते: २०२३ साली तिथल्या जैवमुद्रण यंत्राने माणसाच्या गुडघ्यातली कूर्चेची गादी छापली आणि ती पृथ्वीवर आणली गेली. मर्क कंपनीने कर्करोगावरच्या पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाचे स्फटिक तिथे वाढवून पाहिले. ते जमिनीवरच्यापेक्षा बारीक आणि एकसारखे निघाले. अंतराळातलं जैव-उत्पादन म्हणतात ते हेच.

नाण्याला दुसरी बाजू आहे. सप्टेंबर २०२५मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या कॅट्रिओना जेमिसन यांच्या गटाने रक्ताच्या मूळपेशींचा निकाल प्रसिद्ध केला. ३२ ते ४५ दिवस अंतराळात राहिलेल्या पेशी भराभर म्हाताऱ्या झाल्या होत्या: आराम विसरल्या, शक्ती संपवून बसल्या, नव्या पेशी करण्याची त्यांची ताकद घटली. कारखाना वर न्यायचा तर कामगार तिथे लवकर थकतो, असा हा हिशेब.

भारताने या हिशेबात स्वतःची पहिली ओळ लिहिली ती २०२५च्या उन्हाळ्यात. २५ जूनला निघालेले शुभांशू शुक्ला दुसऱ्या दिवशी अंतराळ स्थानकात पोचले आणि १५ जुलैला परतले. त्यांच्याबरोबर भारतातल्या संस्थांचे सात प्रयोग होते. मूग-मेथीला मोड आणण्याचा एक होता. बंगळूरच्या इनस्टेम संस्थेचा प्रयोग स्नायूंच्या मूळपेशींवरचा: वजन नसताना स्नायू का झडतात आणि पेशींना पूरक आहार देऊन ते थांबवता येतं का. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०२४मध्ये, केंद्राने मंजूर केलेल्या ‘बायोई३’ या जैव-उत्पादन धोरणातल्या सहा विषयांत अंतराळ संशोधनाचाही समावेश आहे. भारताचं स्वतःचं अंतराळ स्थानक २०३५पर्यंत उभं करायचं ठरलं आहे. तिथे पेशी वाढवणारे हात लागतील, आणि ते हात परळ-पुण्याच्या तालमीतूनच तयार होतात. बशी बदलणं, सीरम मोजणं, नळी गोठवणं, तारीख लिहिणं.

केळशीच्या पंचक्रोशीतलं मूल आता बहुधा दवाखान्यात जन्मतं. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांप्रमाणे वार आणि नाळ पिवळ्या पिशवीत जाते आणि बहुधा भट्टीत जाळली जाते. ती प्रयोगशाळेला द्यायची असेल, तर आईची लेखी संमती घ्यावी लागते. हेन्रिएटा लॅक्सला विचारलं गेलं नव्हतं. इथे विचारणं बंधनकारक आहे, आणि कागदावर सही करणाऱ्या बाईला त्यातलं काय समजलं हे पाहण्याची जबाबदारी विचारणाऱ्यावर आहे.